पिवळी साडी आणि काळापांढरा टीव्ही

गणपतीतली दुपार. आचऱ्याच्या घरी वीज गेली होती, बाहेर पावसाची झड लागलेली, आणि घरातली झाडून सगळी माणसं पडवीत जमलेली. बोलता बोलता विषय निघाला 'ये जो है जिंदगी'चा. १९८४ साली दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका आम्ही मामाच्या घरी बघायचो. "स्वरूप संपतची ती पिवळी साडी आठवते का गो?" मी मावशीला विचारलं.

तांदूळ निवडता निवडता मावशीने मान वर केली. "पिवळी? खुळ्या, रंगीत टीव्ही धाकल्याच्या लग्नात इलो. तवसर आपलो काळोपांढरोच होतो."

खरंच होतं ते. बांबूला बांधलेला अँटेना, तो फिरवायला अंगणात पिटाळलेला मी, आणि आतून येणारी "आता दिसता, आता ऱ्हवांदे" अशी हाक, हे सगळं त्या काळ्यापांढऱ्या टीव्हीचंच. तरी ती पिवळी साडी मला आजही डोळ्यांसमोर दिसते. मालिका मुळात रंगीत होती आणि तिचे तुकडे मी गेल्या काही वर्षांत मोबाइलवर पाहिले आहेत. मेंदूने बहुधा तिथला रंग उचलला आणि मामाच्या माजघरातल्या पडद्यावर नेऊन भरला. मानसशास्त्रात याला स्रोताची गल्लत म्हणतात. काय पाहिलं ते मनात राहतं, कुठे पाहिलं याची चिठ्ठी मात्र गळून पडते. अशा आठवणीला आपण खोटी म्हणतो खरे, पण ती सांगणारा खोटं बोलत नसतो.

माझा भाचा या वादात हिरिरीने उतरला, कारण त्याच्या पिढीची मालिका वेगळी. १९९४ ते २००४ या काळातली अमेरिकन 'फ्रेंड्स' त्याने दोनदा सलग पाहिली आहे. तिच्यातला रॉस तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा तिन्ही पर्वांत एकोणतीसच वर्षांचा असतो. मोनिकाच्या दारावर आधी ५ हा आकडा होता, पुढे तो २० झाला. घर वरच्या मजल्यावर आहे आणि त्याला ५ हा आकडा शोभत नाही हे करणाऱ्यांच्या ध्यानात आलं, आणि पाटी बदलली. चाहते अशा गोष्टी वर्षानुवर्षं खणून काढतात. काहींना हा रिकामटेकडेपणा वाटतो. मला वाटत नाही. पाहणं आणि आठवणं या दोन्ही क्रिया कशा चालतात, हे इतक्या प्रेमाने तपासणारी माणसं प्रयोगशाळेबाहेर क्वचित भेटतात.

मुळात आपल्याला दिसतं किती? हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. जेमतेम तेवढाच भाग डोळा एका वेळी लख्ख पाहतो. रात्री पोफळीच्या बागेत बॅटरी घेऊन गेल्यासारखं आहे हे. झोत पडेल तेवढंच उजळतं, पण बाग ओळखीची असल्यामुळे अंधारातली झाडंही आपण 'पाहत' चालतो. पडद्यावरचंही तसंच. झोत असतो बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर, कपातला चहा अंधारात.

डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली हे फार सुंदर रीतीने दाखवून दिलं. त्यांनी दोन मैत्रिणींच्या गप्पांची छोटी फिल्म केली आणि दर कटला मुद्दाम काहीतरी बिघडवलं. एकीच्या गळ्यातला स्कार्फ गायब व्हायचा, टेबलावरच्या लाल बशा पांढऱ्या व्हायच्या. असे नऊ बदल होते. दहा प्रेक्षकांपैकी फक्त एकाला काहीतरी खटकलं. मग त्यांनी माणूसच बदलला. फोन वाजतो, टेबलाशी बसलेला माणूस उठतो, कट होतो, आणि दाराबाहेर फोन उचलतो तो दुसराच नट! सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या हे लक्षातच आलं नाही. फोन वाजला, कुणीतरी उठलं, कुणीतरी उचलला. गोष्ट जुळली, तेवढं मेंदूला पुरलं.

आता याच्यासमोर सतीश शाह ठेवा. 'ये जो है जिंदगी'त ते जवळजवळ प्रत्येक भागात नवं पात्र होऊन येत. चेहरा तोच, आवाज तोच, माणूस दर आठवड्याला निराळा. याला कुणी चूक म्हटलं नाही. उलट आज कोण होऊन येणार याचीच घरोघरी वाट पाहिली जायची. एकीकडे चेहरा बदलला तरी आपण माणूस तोच धरतो, दुसरीकडे चेहरा तोच असूनही माणूस नवा मानतो. मला वाटतं, ओळखीचं बरंचसं काम गोष्टीतली जागा करते: तो कोण आहे, कशाला आला आहे, घरच्यांशी त्याचं नातं काय. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधल्या वस्तू आणि कपडे पुढच्या शॉटमध्ये तसेच राहणं, सांभाळणाऱ्यांची नजर वर्षानुवर्षं नेमकी उलटी घडवलेली असते. ती गोष्ट सोडून बशी बघते. तरीही चुका राहतात, कारण एकाच प्रसंगाचे अनेक टेक घेतले जातात आणि संकलनात त्यातला चांगला अभिनय निवडावा लागतो. मग ग्लासातलं सरबत आपोआप चढतं-उतरतं.

भाच्याचं म्हणणं, त्याने सगळं सलग पाहिलंय म्हणून त्याचीच आठवण पक्की. मेलबर्न विद्यापीठात हेच तपासलं गेलं. २०१७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच मालिकेचे भाग कुणाला एका बैठकीत दाखवले, कुणाला रोज एक, कुणाला आठवड्याला एक. दुसऱ्या दिवशी सलग पाहणारे पुढे होते, पण त्यांचीच आठवण सर्वांत वेगाने ओसरली. काही महिन्यांनी आठवड्याला एक भाग पाहणाऱ्यांना जास्त आठवत होतं. मधले सात दिवस वाया जात नाहीत. त्या दिवसांत विहिरीवर, एसटीत, शाळेच्या वाटेवर तो भाग पुन्हा सांगितला जातो, आणि प्रत्येक सांगण्याने पक्का होतो.

पण सांगण्यातच धोकाही असतो. २००१ साली हेन्री रोडिगर आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्वयंपाकघरासारख्या घरगुती दृश्यांची चित्रं दाखवली आणि जोडीने आठवायला बसवलं. जोडीदार संशोधकांचाच माणूस होता. चित्रात नसलेल्या वस्तूही तो बेधडक सांगायचा. पुढे एकट्याने आठवताना लोकांच्या यादीत त्या वस्तू उतरल्या. चाहत्यांच्या गप्पांत चुका पकडल्या जातात तशा पसरतातही, आणि सगळ्यांत खात्रीने बोलणाऱ्याची चूक सगळ्यांत लांब जाते. पडवीत तो मी होतो. माझी पिवळी साडी धाकट्या बहिणीलाही 'आठवायला' लागली होती.

म्हणून भाच्याने फर्मान काढलं: आधी लिहा, मग भांडा. जुन्या कॅलेंडरची पानं फाडली, प्रत्येकाने पाठकोऱ्या बाजूला एकमेकांचं न बघता मालिकेतलं आठवेल ते लिहिलं. मी चौदा गोष्टी लिहिल्या. वीज आल्यावर मोबाइल चार्जिंगला लावून मिळतील ते भाग पाहिले, तर त्यातल्या पाचच जुळल्या. मावशीच्या कागदावर तीनच ओळी होत्या. टीव्ही कोनाड्यात होता. अँटेना माडाच्या बाजूक वळवलो की चित्र साफ. सतीश शाह दर खेपेक दुसरोच.