आपटला, पण फुटला का नाही?

दिवाळीत पोरं जमिनीवर फेकतात तो आपटीबार म्हणजे आघाताने फुटणाऱ्या ग्रेनेडचं सगळ्यात साधं रूप. कागदाच्या पुडीत बारीक खडी, आणि खडीला लागलेलं सिल्व्हर फल्मिनेट, तेही एका मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. खडे एकमेकांवर घासले की फट्! पण एकदा फुटला की संपला. एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांना हवा असतो तो आपटल्यावर फुटणारा, चहूकडे छर्रे उडवणारा आणि पुन्हा भरून पुढच्या डावात वापरता येणारा ग्रेनेड.

एअरसॉफ्ट हा 1970 च्या दशकात जपानमध्ये सुरू झालेला, खोट्या बंदुकांनी लुटुपुटूची लढाई करायचा खेळ. छर्रा प्लास्टिकचा, 6 मिमी व्यासाचा. 0.2 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा 1 ज्यूल भरते. कपड्यावर चिमटा बसल्यासारखं वाटतं, डोळ्याला मात्र कायमची इजा होऊ शकते. म्हणून गॉगल काढायचा नाही, ही या खेळातली पहिली अट.

पुन्हा वापरता येणाऱ्या ग्रेनेडची तुलना करताना लोक आवाज किती आणि छर्रे किती एवढंच विचारतात. माझ्या मते ठाणे-नवी मुंबईत पहिला प्रश्न वेगळाच हवा: हा पडणार कशावर? रबाळे-महापेकडच्या एखाद्या बंद शेडची काँक्रीटची फरशी आणि जुलैतला खाडीलगतचा चिखल, या दोन्हींवर एकच ग्रेनेड अगदी वेगळा वागतो.

आत काय असतं ते पाहू. एक छोटा वजनदार ठोकळा, त्याला मागे रेटून धरणारी स्प्रिंग आणि समोर गॅसच्या व्हॉल्व्हची खिट्टी. ग्रेनेड जमिनीला लागून थांबतो, ठोकळा मात्र आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. त्याने स्प्रिंग पुरेशी दाबली की खिट्टी सुटते आणि गॅस छर्रे घेऊन बाहेर पडतो.

आता थोडं गणित. झटका गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बसला, हे काढायची सोपी रीत आहे: पडण्याची उंची भागिले थांबायला लागलेलं अंतर. सेकंदाला 12 मीटर वेगाने फेकलेला ग्रेनेड म्हणजे साधारण 7.3 मीटरवरून पडलेला ग्रेनेड. काँक्रीटवर तो 5 मिलिमीटरमध्ये थांबला तर झटका सुमारे 1,470 पट. चिखलात 10 सेंटिमीटर रुतून थांबला तर जेमतेम 73 पट. आणि कमरेच्या पट्ट्यातून निसटून एक मीटरवरून फरशीवर पडला, 3 मिलिमीटरमध्ये थांबला? तर 333 पट! खरी पंचाईत इथे आहे. नुसत्या झटक्यावर भरवसा ठेवला, तर चिखलात फुटण्याइतका हळवा ग्रेनेड हातातून पडल्यावर चिखलाआधीच फुटेल.

वाट निघते ती ठोकळ्याच्या ऊर्जेतून. 10 ग्रॅमच्या ठोकळ्यात फेकल्यावर 0.72 ज्यूल असतात, नुसतं पडल्यावर 0.1. स्प्रिंग मऊ ठेवली, पण तिचा प्रवास लांब ठेवला, तर फरशीवर पडलेल्या ग्रेनेडमधला ठोकळा अर्ध्या वाटेत दमतो आणि फेकलेल्यातला शेवटपर्यंत पोचतो. एवढ्यावर विसंबून मात्र कोणी राहत नाही, म्हणून फेकण्याआधी ओढून काढायची पिन आणि हातातून सुटल्यावर उडणारा लिव्हर असतातच.

दिशेचा घोळ निराळाच. ठोकळा एकाच अक्षावर सरकत असेल तर ग्रेनेड आडवा पडल्यावर ढिम्म. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या नंबर 69 ग्रेनेडने हा प्रश्न शंकूसारख्या बैठकीत ठेवलेल्या गोळीने सोडवला होता. कुठल्याही बाजूने धक्का बसला तरी गोळी उतारावर चढून टोचणीला पुढे ढकलते. त्याची सुरक्षा-पिनही हवेत उडताना उलगडणाऱ्या वजनदार फितीने निघायची, म्हणजे हातात असताना फुटायची भीती कमी. विकत घेताना दुकानदाराला हे जरूर विचारावं: आडवा पडला तरी फुटतो का?

बाजारातल्या नावांचंही पाहू. एअरसॉफ्ट इनोव्हेशन्सचा टॉर्नेडो गॅसवर चालतो, पण वेळेवर सुटतो, म्हणजे आघाताने नाही तर फेकल्यावर ठरावीक सेकंदांनी. त्याच कंपनीचा सायक्लोन आघातावर सुटतो. थंडर-बी 12 ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइड काडतुसावर मोठा आवाज करतो, पण तोही वेळेवर चालणारा, आणि त्याचं प्लास्टिकचं कवच दर वेळी नवं लागतं. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात वेळेवर सुटणारा घ्यावा, त्याला चिखलाशी देणंघेणं नसतं. कोरड्या शेडमध्ये आघातवाल्याला तोड नाही, कारण समोरच्याला पळायला वेळच मिळत नाही. कोऱ्या, म्हणजे पुढे गोळी नसलेल्या, काडतुसांवर चालणारेही आघाती ग्रेनेड परदेशात मिळतात. आपल्याकडे काडतूस म्हटलं की शस्त्र कायदा आलाच, त्यामुळे त्या वाटेला न गेलेलं बरं.

या ग्रेनेडमध्ये भरतात तो ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल. डबीत तो द्रवरूपात असतो आणि दाब ठरवतं तापमान: 0 अंशाला साधारण 4.7 बार, 30 अंशाला 10.8 (एक बार म्हणजे जवळपास आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). त्यामुळे थंडीत रडणारा ग्रेनेड आपल्या मे महिन्यात जोशात असतो. पण एकदा उडवल्यावर हात लावून बघा, कवच गार पडलेलं असतं आणि दमट हवेने लगेच घाम फुटतो. एक ग्रॅम प्रोपेनची वाफ व्हायला सुमारे 350 ज्यूल उष्णता लागते. 3 ग्रॅम गॅसने ती सगळी 150 ग्रॅमच्या ॲल्युमिनियम कवचातून ओढली, तर कवच 8 अंशांनी उतरेल आणि दाब जवळजवळ एक पंचमांश घटेल. लागोपाठ तीनदा भरून उडवणाऱ्याचा तिसरा बार फुसका जातो तो यामुळेच.

कार्बन डायऑक्साइडचं उन्हाळ्यात वेगळंच. 31 अंशांवर तो द्रव राहतच नाही, आणि मग उन्हात ठेवलेल्या काडतुसातला दाब भराभर चढतो. शिवाय तो ओ-रिंगच्या, म्हणजे गॅस गळू नये म्हणून बसवलेल्या गोल कडीच्या, रबरात शिरून तिला फुगवतो. प्रोपेनसाठी केलेल्या ग्रेनेडमध्ये तो भरू नये, कवच तेवढ्या दाबासाठी बनवलेलं नसतं.

आता चिखलात रुतून न फुटलेला ग्रेनेड. त्याची पिन निघालेली असते, लिव्हर उडालेला असतो आणि स्प्रिंग अर्धवट दबलेली असू शकते. असा ग्रेनेड चिखल झटकायला दगडावर आपटणारे महाभाग असतात. तसं न करता डाव थांबवावा, सगळ्यांचे गॉगल चढलेले आहेत ना ते पाहावं, तोंड माणसांपासून दूर ठेवून तो जागेवरच उचलावा आणि भरायच्या व्हॉल्व्हमधून गॅस सावकाश सोडावा. फुसफुस पूर्ण थांबल्यावरच माती धुवावी.