२०२६ चं सिनेमा कॅलेंडर: यावेळी निम्म्या तारखा फिकट का छापल्यात

नमस्कार मंडळी,

२०२६ च्या सिनेमांचं कॅलेंडर या पत्रकासोबत पाठवतोय. उघडल्यावर पहिल्यांदा वाटेल की प्रिंटरची शाई संपत आली होती, कारण काही तारखा ठळक आहेत, बऱ्याच फिकट आहेत आणि दोन-तीन ठिकाणी तर नुसतं प्रश्नचिन्ह आहे. शाई भरपूर होती. हे मुद्दाम केलंय आणि का केलंय ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे पत्रक.

आमचं काम तुम्हाला माहितीच आहे, ग्रुप बुकिंग करून देणं, कधी पंधरा तिकिटं कधी अख्खा हॉल. तर काही वर्षांपूर्वी एका बड्या सिनेमाची तारीख जाहीर झाली आणि आम्ही त्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात एका ग्रुपला तारीख पक्की सांगून टाकली, लोकांनी रजा टाकल्या, एक जण तर त्यासाठी परगावाहून येणार होता, आणि सिनेमा गेला पुढे. नवीन तारीख आली, आम्ही पुन्हा सगळ्यांना कळवलं, आणि तो परत पुढे गेला! त्या दिवसांत फोनवर जे काही ऐकून घेतलं ते इथे लिहिता येणार नाही, पण चूक आमचीच होती. जाहीर झालेली तारीख म्हणजे पक्की तारीख असं आम्ही धरून चाललो होतो.

ती तशी नसते. बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं आहे हे. स्टुडिओला सुट्ट्यांचा एखादा चांगला शुक्रवार दिसला की तो आधी रुमाल टाकून ठेवतो, बसणारा कोण ते नंतर बघू. कधीकधी तर सिनेमाचं नावही ठरलेलं नसतं, नुसतं 'नाव न ठरलेला चित्रपट' म्हणून तारीख अडवलेली असते. 'अवतार'च्या चौथ्या भागाची तारीख २१ डिसेंबर २०२९ आहे आणि पाचव्याची १९ डिसेंबर २०३१, आता सांगा, २०३१ चा डिसेंबर! आणि याच मालिकेचा दुसरा भाग आधी डिसेंबर २०१४ मध्ये येणार म्हणून सांगितला होता, आला डिसेंबर २०२२ मध्ये. आठ वर्षांत पोरं शाळेतून कॉलेजात जातात.

मग पुढे जातो म्हणजे नक्की काय होतं, तर कारणं भरपूर आहेत आणि प्रत्येक वेळी सिनेमा बिघडलाय असं नसतं. कधी व्हीएफएक्सचं, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या दृश्यांचं, काम आटोपत नाही, मोठ्या सिनेमात हजारो शॉट असतात आणि ते जगभरच्या वेगवेगळ्या स्टुडिओंत वाटून दिलेले असतात, एकाचं रखडलं की सगळ्यांचं रखडतं. कधी काही सीन परत शूट करायला लागतात. 'पुष्पा २' आधी १५ ऑगस्ट २०२४ ला येणार होता, काम पुरं झालं नाही म्हणून ६ डिसेंबर झाला आणि मग एक दिवस अलीकडे येऊन ५ डिसेंबरला लागला. 'सॉनिक द हेजहॉग'चा किस्सा तर मजेशीर आहे, एप्रिल २०१९ मध्ये ट्रेलर आला, त्यातले त्याचे माणसासारखे दात बघून लोकांनी इतका आरडाओरडा केला की स्टुडिओने अख्खं पात्र नव्याने बनवायला घेतलं आणि नोव्हेंबर २०१९ चा सिनेमा फेब्रुवारी २०२० मध्ये आला. चांगलंच झालं म्हणा.

आणि कधी सिनेमा तयार असूनही अडतो. 'ड्यून'चा दुसरा भाग ३ नोव्हेंबर २०२३ ला यायचा होता, पण हॉलिवूडच्या कलाकारांचा संप चालू होता, संपात प्रमोशनही करायचं नसतं, मग एवढा महागडा सिनेमा हिरो-हिरोईनशिवाय कसा विकायचा म्हणून तो १ मार्च २०२४ वर गेला. उलट 'बॅटगर्ल'चं शूटिंग पूर्ण झालं होतं तरी ऑगस्ट २०२२ मध्ये स्टुडिओने तो सिनेमा दाखवायचाच नाही असं ठरवलं. म्हणजे शूटिंग संपलं हीसुद्धा शंभर टक्के खात्री नाही. पण आमच्याकडे जेवढ्या खुणा आहेत त्यातली ती सगळ्यात भरवशाची.

हो, पुढे गेला म्हणजे पडला असंही धरू नका. 'टॉप गन: मॅव्हरिक' पहिल्यांदा जुलै २०१९ मध्ये येणार होता, आधी विमानांच्या सीनसाठी थांबला, मग महामारी आली, शेवटी मे २०२२ मध्ये लागला आणि जवळपास दीड अब्ज डॉलर कमावून बसला. त्यामुळे 'पुढे गेला म्हणजे काहीतरी गडबड आहे' असे मेसेज ग्रुपवर आले की आम्ही आताशा शांत बसतो.

आता आमच्या खुणा. ठळक तारीख म्हणजे शूटिंग संपलंय, आणि स्टुडिओने त्या तारखेवर असं काहीतरी बांधून ठेवलंय जे सोडवायला त्यालाच महागात पडेल. फिकट म्हणजे तारीख अधिकृत आहे पण अजून फक्त रुमाल आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे नुसतं वर्ष किंवा सीझन सांगितलाय, त्याच्या भरवशावर रजा टाकू नका.

ठळक तारखांमध्ये सगळ्यात ठळक १७ जुलै २०२६, क्रिस्टोफर नोलनचा 'द ओडिसी'. होमरचं ग्रीक महाकाव्य, मॅट डेमन ओडिसियसच्या भूमिकेत, आणि पूर्ण सिनेमा आयमॅक्सच्या, म्हणजे नेहमीपेक्षा खूप मोठ्या पडद्यासाठीच्या, फिल्म कॅमेऱ्यांवर शूट केलेला, हे याआधी कुठल्या कथापटात झालं नव्हतं कारण ते कॅमेरे जड आणि इतके आवाज करणारे की समोर कुणी बोलत असेल तर ऐकू येणं मुश्कील. शूटिंग २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपलंय. आणि गंमत म्हणजे निवडक थिएटरांतल्या आयमॅक्स ७० एमएम (म्हणजे रुंद फिल्मच्या रिळावर दाखवायच्या) शोची तिकिटं बरोबर एक वर्ष आधी, १७ जुलै २०२५ लाच विकायला काढली होती आणि बरेच शो लगेच हाऊसफुल झाले. तिकिटं विकून झाल्यावर तारीख हलवणं किती अवघड ते आमच्याइतकं कुणाला कळणार! म्हणून ठळक.

त्याच्यानंतर दोन आठवड्यांनी ३१ जुलैला 'स्पायडर-मॅन: ब्रँड न्यू डे'. हा आधी २४ जुलैला होता, आठवडाभर पुढे सरकला, म्हणजे ओडिसीला मोठ्या पडद्यांवर दोन आठवडे मोकळे मिळाले. टॉम हॉलंड आणि झेंडाया दोन्हीकडे आहेत, त्यामुळे त्या दोघांचे फॅन असाल तर दोन्ही शुक्रवार मोकळे ठेवा.

लहान मुलांचे ग्रुप दरवर्षी जूनसाठी विचारतात, त्यांच्यासाठी १९ जूनला 'टॉय स्टोरी ५' आहे, यावेळी खेळण्यांची गाठ पडणार आहे टॅबलेटशी. आमच्यात यावरून दोन तट आहेत, एकाचं म्हणणं ही गोष्ट तिसऱ्या भागातच संपली होती, दुसरीने ट्रेलर बघूनच डोळे पुसायला रुमाल काढला. बुकिंग दोघंही करून देतील.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी 'द बॅटमॅन'च्या दुसऱ्या भागाचं आणि 'श्रेक ५'चं विचारलंय. हे दोन्ही २०२६ च्या कॅलेंडरमध्ये नाहीत, आम्ही विसरलो नाही, तेच निघून गेलेत. बॅटमॅन ऑक्टोबर २०२५ वरून ऑक्टोबर २०२६ आणि तिथून १ ऑक्टोबर २०२७. श्रेक जुलै २०२६ वरून डिसेंबर २०२६ आणि तिथून ३० जून २०२७. जुन्या याद्या अजून नेटवर फिरतायत, त्यात हे दोघं २०२६ मध्येच दिसतील, त्या यादीची तारीख बघत चला.

आणि ट्रेलरचंही तसंच. एआयने बनवलेले खोटे ट्रेलर इतके बेमालूम असतात की आम्हीसुद्धा एकदा फसून ग्रुपवर टाकला होता. २०२५ मध्ये यूट्यूबने असे ट्रेलर बनवणाऱ्या दोन मोठ्या चॅनलची कमाई बंद केली, पण बाकीचे आहेतच. स्टुडिओच्या स्वतःच्या चॅनलवर नसेल तर तो ट्रेलर नाही, एवढं धरून चाला.

आता खरा प्रश्न, १८ डिसेंबर. त्या एकाच दिवशी 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' आणि 'ड्यून: पार्ट थ्री' दोन्ही आहेत. अ‍ॅव्हेंजर्स मूळचा १ मेचा, तो साडेसात महिने पुढे आला आणि ड्यूनच्या शेजारीच येऊन बसला. २१ जुलै २०२३ ला 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' एकाच दिवशी लागले तेव्हा लोक दोन्ही बघून आले आणि दोघांचाही फायदा झाला, तसंच होईल अशी आशा सगळे करतायत. आम्हाला तेवढी खात्री नाही. तेव्हा एक सिनेमा गुलाबी होता आणि एक गंभीर, प्रेक्षक वेगवेगळे होते. इथे दोन्हीकडे साधारण तोच माणूस जाणार आहे, आणि दोन्ही अडीच-तीन तासांचे असणार हे धरूनच चला. म्हणून दोघांचंही शूटिंग आटोपलेलं असूनही ही एक तारीख आम्ही मुद्दाम फिकट ठेवलीय. दोघांपैकी एक जण हलला तर आम्हाला आश्चर्य वाटणार नाही, हललाच तर आमच्या मते अ‍ॅव्हेंजर्स हलेल, कारण आयमॅक्सचे पडदे सुरुवातीच्या आठवड्यांसाठी ड्यूनने घेऊन ठेवलेत.

पडद्याचा मुद्दा निघालाच आहे तर, दरवेळी विचारतात की आयमॅक्सने नक्की काय फरक पडतो. नेहमीचा रुंद सिनेमा रुंदी २.३९ तर उंची १ या प्रमाणात असतो, डिजिटल आयमॅक्सचा १.९० ला १, म्हणजे तेवढ्याच रुंदीत चित्र साधारण सव्वा पट उंच दिसतं. फिल्मवरच्या आयमॅक्सचं प्रमाण १.४३ ला १, तिथे ते दीडपटीच्याही वर जातं, पण असे प्रोजेक्टर जगात फार थोड्या थिएटरांत आहेत. ओपनहायमरच्या वेळी ती आयमॅक्स प्रिंट जवळपास १८ किलोमीटर लांब आणि २७० किलोच्या आसपास वजनाची होती, ती उचलायला माणसं लागतात आणि चालवायला जाणकार ऑपरेटर. पण हे सगळं त्या कॅमेऱ्यांवर किंवा त्या प्रमाणासाठी शूट केलेल्या सिनेमालाच लागू. बाकी सिनेमे आयमॅक्समध्ये बघितले तर पडदा मोठा आणि आवाज दणदणीत मिळतो, चित्रात जादा काही मिळत नाही. ओडिसी आणि ड्यूनसाठी आम्ही मोठा पडदाच सुचवू, टॉय स्टोरीसाठी साधा हॉल पुरे, मुलांना मध्येच बाहेर न्यायला दार जवळ असलेला.

बुकिंगचं असं करणार आहोत. ठळक तारखांसाठी ग्रुपची नावं आत्तापासून घेतो, फिकट तारखांसाठी फक्त माणसं किती ते कळवून ठेवा, पैसे आणि रजा दोन्ही नंतर. साधारणपणे अ‍ॅडव्हान्स बुकिंग सिनेमा लागायच्या दोन-चार आठवडे आधी उघडतं, उघडलं की त्याच दिवशी मेसेज करू, आणि कॅलेंडरमध्ये काही हललं तरी मेसेज करू, म्हणून आमचा ग्रुप म्यूट केलेला असेल तर तेवढा उघडा.

१८ डिसेंबरसाठी मात्र प्रत्येक ग्रुपने आपापसात भांडून एकच नाव कळवायचं, अ‍ॅव्हेंजर्स की ड्यून, ऑक्टोबर संपायच्या आत. 'बघू' हे उत्तर आम्ही गेल्या वेळेपासून धरत नाही.