सात उद्गारांची उपासना व पाहुणे वक्ते

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) दुपारी बारा ते तीन या वेळात प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) होणारी उपासना आणि तिच्यासाठी बाहेरून वक्ते बोलावण्याची रीत. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर एकापाठोपाठ एक सात मनने होतात. एकाच पाळकाने (चर्चच्या धर्मोपदेशकाने) तीन तास बोलावे असा नियम कुठेही नाही, आणि बोलणाऱ्याला ते जमले तरी ऐकणाऱ्यांना जमत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक मराठी मंडळ्यांत हे सात उद्गार सात जणांना वाटून देतात. नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) संदेश बहुधा मंडळीचा पाळकच देतो. पाहुण्यांचा दिवस म्हणजे मुख्यतः उत्तम शुक्रवार.

या उपासनेचे मूळ पेरूमधील लिमा शहरात सांगितले जाते. 1687च्या भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त झाल्यानंतर तिथल्या अलोन्सो मेसिया या जेझुइट (एका कॅथोलिक संघाच्या) धर्मगुरूने ती सुरू केली, असे परंपरा मानते. पुढे ती स्पेन आणि इटलीत पोहोचली. स्पेनमधील कादिस येथील उपासनेसाठी योसेफ हायडनने 1780च्या दशकात वाद्यसंगीत रचले. भिंती, खिडक्या आणि खांब काळ्या कापडाने झाकलेले, मध्ये एकच मोठा दिवा; बिशप व्यासपीठावर चढून एक उद्गार उच्चारतो, त्यावर बोलतो आणि उतरून गुडघे टेकतो, मग संगीत, असा तिथला क्रम हायडननेच नोंदवला आहे. तिथे सातही उद्गारांवर बोलणारा एकच होता. सात उद्गारांना सात वक्ते ही वाटणी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही रूढ आहे. तिथे बहुधा सात वेगवेगळ्या चर्चचे पाळक एकत्र येतात.

उद्गार बायबलमधल्या एकाच शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) सलग सापडत नाहीत. पहिला, दुसरा आणि सातवा लूकमध्ये, तिसरा, पाचवा आणि सहावा योहानात, तर चौथा मत्तय व मार्क या दोघांत आहे. पाहुणे ठरवताना हा क्रमच महत्त्वाचा, कारण सगळे उद्गार सारखे नाहीत. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ या पहिल्या उद्गारावर बोलायला कुणीही तयार होतो. आईला शिष्याच्या हवाली करणारा तिसरा उद्गार पुष्कळ ठिकाणी महिला मंडळाकडे जातो. ही प्रथा इतकी अंगवळणी पडली आहे की एखाद्या बाईंना चौथा द्यावा हे कमिटीला सुचतही नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा चौथा उद्गार सर्वांत अवघड. तो बायबलमधल्या स्तोत्र 22ची पहिली ओळ आहे, आणि पुत्राला पित्याने टाकले म्हणजे काय, या प्रश्नाला बगल देऊन त्यावर बोलता येत नाही. म्हणून तो जाणत्या माणसासाठी, शक्य तर धर्मशास्त्राच्या अध्यापकासाठी राखतात. पुण्यात ते सहज मिळतात. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशास्त्र शिकवणारी संस्था 1983मध्ये यवतमाळहून तिथेच आली. लहान गावात मात्र निवृत्त पाळकांवर भिस्त असते.

खरी अडचण अशी की त्या दिवशी प्रत्येक पाळक आपापल्या मंडळीत अडकलेला असतो. त्यामुळे बोलावणे जाते ते बहुतेक शिक्षक, डॉक्टर, बँकेतले निवृत्त अधिकारी, तरुण संघाचे कार्यकर्ते अशा साध्या सभासदांना. दुसरा मार्ग म्हणजे शहरातल्या दोन-तीन मंडळ्यांनी मिळून एकच उपासना घेणे. मग पाळकही मोकळे होतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारत मंडळी (सीएनआय) स्थापन झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन वगैरे परंपरा एका छत्राखाली आल्या. अमेरिकन मिशनमधून वाढलेली मेथडिस्ट मंडळी मात्र त्यात सामील झाली नाही, तरी उत्तम शुक्रवारच्या व्यासपीठावर दोन्हीकडची माणसे शेजारी बसलेली दिसतात.

बोलावणे ईस्टरआधीच्या उपवासकाळातच, म्हणजे तो ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतर जाते: आधी सेक्रेटरीचा फोन, मग उद्गाराचा क्रमांक, वचन आणि वेळ लिहिलेले पत्र. तीन तासांचे सात भाग केले की प्रत्येकाला सुमारे पंचवीस मिनिटे येतात. त्यात वाचन, ‘उपासना संगीत’मधले गीत आणि प्रार्थना धरली तर बोलायला पंधराच उरतात. पहिले दोन वक्ते हमखास जास्त घेतात आणि सहाव्याच्या वाट्याला सात-आठ मिनिटे येतात. ‘पूर्ण झाले आहे’ हा उद्गार तेव्हा त्याच्या तोंडी फार घाईचा वाटतो. हा शुक्रवार 20 मार्च ते 23 एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. विदर्भात आणि मराठवाड्यात दुपारी दोनच्या सुमारास, पंख्याखाली, पुष्कळांचा उपवास असताना ‘मला तहान लागली आहे’ हा पाचवा उद्गार येतो. त्याला फारशी प्रस्तावना लागत नाही. परगावच्या पाहुण्याला प्रवासखर्च आणि जमल्यास मानधनाचे पाकीट देतात. गावातल्याला बहुधा आभारच.

कॅथोलिक चर्चमध्ये मांडणी वेगळी आहे. 1983च्या धर्मविधिसंहितेनुसार मिस्सातील (मुख्य उपासनेतील) प्रवचन धर्मगुरू किंवा उपयाजकानेच करायचे असते, त्यामुळे पाहुणा आला तरी तो धर्मदीक्षा घेतलेलाच असतो. तिथे पाहुण्या प्रवचनकारांची खरी वर्दळ नोव्हेनात, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत दिसते. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या 3 डिसेंबरच्या सणाआधी, 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालतो.