एआय एजंट आणि पदावलीची किंमत : पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक तोंडी हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब ठोकळमानाचा आहे. ३० तिथींमध्ये भरतीची वेळ सरासरीने २४ तास पुढे सरकते, म्हणजेच दर तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास धरल्यामुळे दर तिथीमागे ३ मिनिटांची तूट पडते आणि पौर्णिमेपर्यंत ती ४५ मिनिटांवर जाते. नेमका अंदाज हवा असेल, तर चंद्रसूर्यांच्या गतींशी जोडलेल्या अनेक कोसाइन पदांची बेरीज करावी लागते. हिंदुस्थानातील बंदरांसाठी १८७९ मध्ये लंडनला बांधलेले यंत्र कप्प्या आणि दंतचक्रांच्या साहाय्याने सुरुवातीला अशी २० पदे मिळवत असे. त्यानंतरच्या शतकात संगणक आले आणि १९६० च्या दशकात अक्षरांतील बीजगणित व संकलन करणाऱ्या प्रणालीही तयार झाल्या. मात्र एआयच्या हाती असे गणित करण्याचे साधन कोणते आणि कसे द्यावे, हा आजचा प्रश्न उभा राहिला तो गेल्या काही वर्षांत.

भाषिक मॉडेलला, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआय प्रणालीला, मोठ्या संख्यांचे गणित स्वतःच्या भरवशावर नीट जमत नाही, हे लवकरच लक्षात आले होते. २०२१ मध्ये सुमारे ८,५०० शाब्दिक उदाहरणांचा एक संच प्रसिद्ध झाला. त्यातील उत्तरांत आकडेमोडीच्या जागी खुणा केलेल्या होत्या आणि त्या जागेचे उत्तर मॉडेलने न लिहिता गणकयंत्राने भरावे, अशी सोय होती. २०२२ च्या अखेरीस याहून पुढची कल्पना आली : मॉडेलने उत्तराऐवजी छोटा प्रोग्रॅम लिहावा आणि तो चालवून उत्तर मिळवावे. २०२३ च्या मार्चमध्ये गप्पा मारणाऱ्या प्रणालीला बाहेरचे गणिती इंजिन जोडता येऊ लागले आणि जूनमध्ये मॉडेलने बाहेरचे फंक्शन ठरावीक साच्यात मागवण्याची पद्धत रूढ झाली.

खरा वाद येथून सुरू होतो. एजंटाला, म्हणजे साधने वापरून स्वतः काम पार पाडणाऱ्या मॉडेलला, केवळ पदावलीची (संख्या, चिन्हे आणि फंक्शने यांच्या मांडणीची) किंमत काढणारे आखूड साधन द्यावे, की पायथन ही संपूर्ण प्रोग्रॅमिंगची भाषा चालवण्याची मुभा द्यावी? दुसऱ्या पर्यायात सोय मोठी आहे, कारण समीकरणे, सारण्या, आलेख असे सारेच त्यात होते. परंतु २०२३ मध्येच असे उघडकीस आले की एका लोकप्रिय लायब्ररीतील (तयार प्रोग्रॅमच्या संचातील) गणिताचा भाग मॉडेलने लिहून दिलेला मजकूर तपासणी न करता थेट चालवत होता. त्यामुळे प्रश्नात लबाडीने घुसवलेली आज्ञाही गणित म्हणून चालून जात असे. त्यावर उपाय म्हणून फक्त संख्यात्मक पदावल्यांची किंमत काढणारी दुसरी लायब्ररी वापरात आणली गेली, तर त्याच वर्षी तिच्यातूनही तशीच वाट सापडली, कारण ‘किंमत काढ’ ही आज्ञा आतून अखेर पायथनच्याच हाती जात होती. साधनाने आपले व्याकरण स्वतः वाचावे, मोजकी फंक्शने ओळखावीत आणि बाकीचे नाकारावे, ही आखूड साधनाच्या बाजूची भूमिका यामुळे बळकट झाली, आणि ती योग्यच आहे.

या सुरक्षेच्या चर्चेत एक दुसरा, तितकाच गंभीर प्रश्न मागे पडला : साधनाने पदावली वाचली कशी? वजा चिन्ह लावून लिहिलेला २ चा वर्ग बहुतेक स्प्रेडशीटमध्ये ४ येतो आणि पायथनमध्ये वजा ४. घातासाठी सर्रास वापरली जाणारी टोपीची खूण (^) पायथनमध्ये घात करतच नाही; २ आणि ३ यांच्यामध्ये ती घातली की ८ ऐवजी १ मिळतो. भरतीच्या गणितात तर ही चूक नजरेस येत नाही, आणि तोच धोका आहे. भरतीचा मुख्य चांद्र घटक ताशी २८.९८४ अंशांनी फिरतो. सोयीसाठी त्याची उंची १ मीटर धरली, तर भरतीनंतर ६ तासांनी कोन १७३.९ अंश होतो आणि पाणी मध्य पातळीच्या ९९ सेंटीमीटर खाली जाते. तोच आकडा साधनाने रेडियन (कोनाचे दुसरे माप) समजून घेतला, तर उत्तर येते ४४ सेंटीमीटर खाली. चिन्ह बरोबर, आकडा पटण्यासारखा, कसलीही सूचना नाही. गाळाने भरलेल्या खाडीच्या मुखातून होडी काढायची की थांबायचे, हे ठरवणाऱ्या तांडेलासाठी हा अर्ध्या मीटरहून अधिक पाण्याचा फरक आहे. म्हणून साधनाने नुसती संख्या न देता आपण काय वाचले, कोन कोणत्या मापात धरला आणि कंस कुठे पडले असे मानले, हेही परत सांगितले पाहिजे.

याखेरीज एक मर्यादा गणिताचीच आहे. साइन, घातांकी फंक्शन, निरपेक्ष मूल्य आणि पाय यांनी बनलेली पदावली सर्वत्र शून्यच आहे का, हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी रीत असू शकत नाही, हे १९६८ मध्ये सिद्ध झाले. ‘ठरवता आले नाही’ हे उत्तर देण्याची मुभा साधनाला ठेवावी लागते, आणि एजंटाने ते अपयश मानून स्वतःच्या अंदाजाने भरू नये, अशी सूचना साधनाच्या वर्णनातच लिहावी लागते.

२०२५ च्या जुलैमध्ये मॉडेलांनी बाहेरचे साधन न वापरता आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या प्रश्नांवर सुवर्णपदकाच्या तोडीचे गुण मिळवले, तेव्हा अशा साधनांची गरज संपल्याचे काहींनी म्हटले. हे मत घाईचे आहे. ते प्रश्न सिद्धतेचे होते; वर्षभराच्या भरतीसाठी तासागणिक डझनभर कोसाइन पदे दशांशापर्यंत मिळवत बसणे हे वेगळेच काम आहे. दरम्यान, एजंट आणि साधने जोडण्यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एक खुला संकेत (जोडणीचे समान नियम) जाहीर झाला असून त्यात साधनाचे नाव, वर्णन आणि आत जाणाऱ्या माहितीचा साचा सांगता येतो. अंश की रेडियन, हे सांगण्याची सक्तीची जागा त्या साच्यात नाही. ते लिहायचे की नाही, हे अजून साधन बनवणाऱ्यावरच सोडलेले आहे.