कोल्ट्रेनचे अल्बम निवडताना आधी तारीख बघा

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या उत्तम अल्बमांच्या दोन याद्या सहसा जुळत नाहीत. आवडनिवड हे एक कारण झालं. दुसरं, बहुतेकांच्या लक्षात न येणारं कारण म्हणजे अल्बम वाजवला गेला त्या क्रमाने बाजारात आलाच नाही.

१९५७-५८ मध्ये तो प्रेस्टिज कंपनीसाठी भराभर रेकॉर्डिंग करत होता. १९५९ मध्ये तो अटलांटिक कंपनीकडे गेला, पण शिल्लक टेप प्रेस्टिजकडेच राहिले आणि त्याचं नाव वाढलं तसे एकेक करून निघत गेले. 'बहिया' १९५८ चा, पण आला १९६५ मध्ये, म्हणजे १९६४ च्या अखेरीस वाजवलेल्या 'अ लव्ह सुप्रीम'च्याच वर्षी. प्रकाशनाचं साल धरून ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस मागे गेला की काय! म्हणून कव्हरवरच्या सालावर जाऊ नये, रेकॉर्डिंगची तारीख शोधावी. या काळातला एकच घ्यायचा तर 'सोलट्रेन' घ्यावा (७ फेब्रुवारी १९५८). सुरांचे लोटच्या लोट अंगावर येणारं त्याचं वादन इथे स्वच्छ ऐकू येतं. जुनी प्रत घेताना मोनो असल्याची खात्री करा. मोनो टेपवरून नंतर बनवलेल्या खोट्या स्टिरिओत आवाज पसरट आणि पोकळ लागतो.

१९५९ चा वसंत तर विलक्षणच. २२ एप्रिलला तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या शेवटच्या सेशनला होता. तिथे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) मोजके आणि मोकळीक भरपूर. बाराच दिवसांनी, ४ मे रोजी, 'जायंट स्टेप्स' अल्बमवर आलेलं रेकॉर्डिंग सुरू झालं. शीर्षक-रचना सोळा मात्रागटांची, पण त्यात तीन स्वरपट्ट्यांमधून फिरणारे सव्वीस कॉर्डबदल, आणि तेही धावत्या लयीत. टॉमी फ्लॅनगनचा पियानो सोलो नीट ऐका. वाक्यं तुटत जातात आणि शेवटी नुसते कॉर्ड उरतात. फ्लॅनगन कच्चा वादक मुळीच नव्हता. रचनाच तशी निर्दय आहे.

ऑक्टोबर १९६० च्या काही दिवसांच्या सेशनांतून अटलांटिकने मुख्यतः तीन अल्बम काढले: 'माय फेव्हरिट थिंग्ज' (१९६१), 'कोल्ट्रेन प्लेज द ब्लूज' (१९६२) आणि 'कोल्ट्रेन्स साउंड' (१९६४). पहिला सगळ्यांच्या यादीत असतो. तिसरा उगाच मागे पडतो, माझ्या मते केवळ उशिरा आल्यामुळे.

पुढे इम्पल्स कंपनीच्या काळात कोल्ट्रेनसह मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (बास) आणि एल्विन जोन्स (ड्रम्स) ही चौकडी जमली. 'क्रेसेंट' आणि 'अ लव्ह सुप्रीम' (९ डिसेंबर १९६४) हे दोन्ही घ्यावेतच. दुसऱ्याचा शेवटचा भाग ऐकताना कव्हरवरची कविता समोर धरा. सॅक्सोफोन तीच कविता म्हणतो आहे. 'इम्प्रेशन्स'मधल्या 'इंडिया'त दोन बास आहेत. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला त्यांचा आधार लगेच ओळखू येतो.

'असेन्शन'बाबत मात्र जपून. २८ जून १९६५ ला हीच रचना दोनदा वाजवून रेकॉर्ड केली होती. त्या दोन टेकपैकी आधी एक छापला गेला आणि नंतर त्याच क्रमांकाखाली, त्याच कव्हरमध्ये दुसरा आला. कव्हरवरून फरक कळत नाही. तबकडी उजेडात तिरकी धरून लेबलभोवतालच्या गुळगुळीत कड्यावर 'एडिशन टू' कोरलंय का ते पाहावं लागतं.