गवंडी उपाशी, चुना महाग

शाळेतला एक प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची आणि काचेच्या नळीने तीत फुंकायचे. निवळी दुधाळ झाली की ‘उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो’ असे वहीत लिहायचे, नळ्या धुऊन ठेवायच्या. पण निवळीत हा वायू सोडतच राहिले, तर पुढे आणखी काही घडते. दुधाळपणा विरत जातो आणि पाणी पुन्हा नितळ होते. आधी तयार झालेले कॅल्शियम कार्बोनेटचे कण जास्तीच्या वायूमुळे विरघळून जातात. प्रयोगाचा हा दुसरा अंक वहीत क्वचितच उतरतो. प्रवाळांच्या आजच्या दुखण्याचा अर्धा भाग मात्र त्यातच दडलेला आहे.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो बांधणारा जीव काही मिलिमीटरचा, मऊ, जेलीफिशच्या गोतावळ्यातला. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो स्वतःभोवती चुनखडीची वाटी घडवतो. तो मेला तरी वाटी उरते, तिच्यावर पुढची पिढी बांधकाम चढवते. हे गवंडीकाम किती मोठे होऊ शकते, ते पाहायला लक्षद्वीपला जावे. छत्तीस बेटे, सगळी मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर, आणि ती बहुतांश प्रवाळांच्या चुऱ्याची. त्यांच्या तळाशी ज्वालामुखीचा खडक आहे आणि त्याचे आपल्याशी नाते आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्णस्थळाच्या, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहणाऱ्या जागेच्या, लाव्हाने आपले दख्खनचे पठार आणि सह्याद्रीचा काळा पाषाण घडवला, त्याच उष्णस्थळावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची माळ उरली. हे डोंगर हळूहळू खचत गेले. त्यांच्या माथ्यावरचे प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर बांधत राहिले. डोंगर बुडाला, उथळ पाण्याभोवती कड्यासारखे कंकणद्वीप उरले. डार्विनने 1842 मध्ये मांडलेली ही कल्पना पुढे प्रवाळबेटांवर खोल छिद्रे पाडून खरी ठरली.

एवढे कष्ट करणाऱ्या या गवंड्याला जेवू कोण घालते? त्याच्याच पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले. ती उन्हात साखर बनवतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाच्या ऊर्जेची 90 टक्क्यांपर्यंतची गरज यातून भागू शकते. त्याचे तपकिरी-हिरवे रंगही बरेचसे या शैवालांचेच.

हा संसार तापमानाच्या फार अरुंद पट्ट्यात चालतो. त्या ठिकाणच्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी जेमतेम एका अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की शैवालांचे प्रकाशसंश्लेषण बिघडते आणि ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊ लागतात. मग प्रवाळ आपल्या अन्नदात्यालाच बाहेर काढतो. पारदर्शक अंगातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. लोक याला प्रवाळ मेला असे समजतात, पण त्या क्षणी तो जिवंत असतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवाले परततात. नाही निवले, तर उपासमारीने तो मरतो.

दुसरे दुखणे दिसत नाही, म्हणून त्याबद्दल फारसे बोललेही जात नाही, आणि ही मला मोठी चूक वाटते. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता मोजणारा पीएच, 8.2 च्या आसपास होता, आज तो 8.1 च्या आसपास आहे. फरक किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी साध्या पट्टीसारखी नसते. या एका दशांशाच्या घसरणीत हायड्रोजन आयनांचे प्रमाण 25 ते 30 टक्क्यांनी वाढले आहे. समुद्र आम्ल झालेला नाही, तो अजूनही अल्कधर्मीच आहे. पण हे वाढलेले हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला धरतात आणि त्याचे बायकार्बोनेट करून टाकतात. गवंड्याला हवा असतो तो कार्बोनेट. म्हणजे पाण्यात चुन्याचा माल घटत चालला आहे.

याचा हिशेब समुद्रातच मांडून पाहिला गेला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये वन ट्री आयलंड नावाचे बेट आहे. ओहोटीच्या वेळी तिथले उथळ पाणी काही काळ बाहेरच्या समुद्रापासून तुटते. रेबेका ऑलब्राइट, केन काल्डेरा या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी तेवढ्या वेळात प्रवाळांवरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड मिसळून त्याची अवस्था औद्योगिक क्रांतीपूर्वीसारखी केली. बांधकामाचा वेग सुमारे 7 टक्क्यांनी वाढला. हा निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी उलटे केले. शतकाच्या अखेरीस अपेक्षित असलेल्या पातळीकडे नेण्यासाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला, तेव्हा वेग 34 टक्क्यांनी घटला. मला यातला पहिला आकडा जास्त अस्वस्थ करतो. आपण ज्याला आजची साधी स्थिती समजतो, तीच मुळात घटलेली होती, असे तो सांगतो.

ही दोन दुखणी वेगळी मोजली जातात, पण प्रवाळाच्या अंगात ती एकत्र येतात. चुनखडी साचवण्यासाठी प्रवाळ आपल्या कातडीखालच्या पातळ थरातून हायड्रोजन आयन बाहेर उपसत असतो. बाहेरच्या पाण्यात ते वाढले की उपसा जड होतो, ऊर्जा जास्त लागते. आणि ही ऊर्जा देणारी शैवालेच उष्णतेने निघून गेलेली असतात.

आपल्या किनाऱ्यालाही हे लागू आहे. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इथेही प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद केली आहे. कालवे आणि तिसऱ्याही आपले शिंपले याच कॅल्शियम कार्बोनेटने घडवतात. कोकणात शिंपले भाजून चुना करत, तो हाच चुना.

प्रवाळांची कलमे लावून नवी भित्ती, म्हणजे प्रवाळांनी बांधलेला समुद्रातला बांध, वाढवण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी चालू आहेत. मन लावून केलेले हे काम आहे, पण ज्या पाण्यात जुनी प्रवाळे मेली, त्याच पाण्यात नवी लावायची असतात. आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या 2018 च्या अहवालानुसार तापमानवाढ 1.5 अंशांवर थोपवली तरी उबदार पाण्यातली 70 ते 90 टक्के प्रवाळे जातील, 2 अंशांवर 99 टक्क्यांहून जास्त. त्या अर्ध्या अंशात जे वाचेल, त्यासाठी भांडणे मला आवश्यक वाटते.

कारण प्रवाळ सावरतात, फक्त त्यांना उसंत लागते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एखाद्या ठिकाणी उष्णतेच्या दोन मोठ्या तडाख्यांत 25 ते 30 वर्षांचे अंतर असे, 2016 पर्यंत ते सहा वर्षांवर आले. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 असे तीन तडाखे बसले. 1998 मध्ये साधारण 37 टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन 2022 पर्यंत जवळपास निम्म्यावर आले. इथले मच्छीमार गळाने ट्यूना पकडतात आणि त्यासाठी लागणारी आमिषाची छोटी मासळी लगूनमधूनच, म्हणजे भित्तीच्या आतल्या उथळ पाण्यातूनच, आणतात. बाहेरच्या लाटांचा जोर ही भित्तीच अडवते. 2016 नंतर तिला मिळालेली उसंत सात वर्षांची होती. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीपासून तिथले पाणी पुन्हा तापत गेले, आणि मे 2024 मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिथली प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडल्याचे जाहीर केले.