ऑगस्टच्या खड्ड्यात जानेवारीचं पाणी

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात घरगुती सांडपाण्याची यंत्रणा आखून देणाऱ्यांसाठी 1999 च्या कायद्याने वेगळा परवाना आला. त्याच्या अटी सुधारायचं म्हटलं की वाद अनुभवाच्या वर्षांवर अडतो. उमेदवाराला माती वाचता येते का, हे मात्र मागे पडतं.

सेप्टिक टँकमध्ये मुख्यतः गाळ बसतो. जंतू मरतात ते शोषचरांखालच्या, म्हणजे टँकमधलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरांखालच्या, हवेशीर मातीत. म्हणून साध्या, उतारावर चालणाऱ्या यंत्रणेत चराचा तळ आणि भूजल यांत सुमारे 3 फूट माती लागते. याच राज्यातल्या पुजेट साउंड या खाडीच्या परिसरात पाऊस मुख्यतः हिवाळ्यातला. हिमनद्यांनी दाबून टणक केलेल्या थरावर ते पाणी तुंबतं. ऑगस्टमध्ये तिथेच खड्डा खणा, ठणठणीत कोरडा! खड्ड्यात पाणी ओतून ते किती मिनिटांत इंचभर उतरतं हे मोजण्याची जुनी चाचणी इथे हमखास फसवते.

मातीचा रंग मात्र सहसा फसवत नाही. माती पाण्याने भरली की प्राणवायू आत शिरण्याचा वेग हजारो पटींनी घटतो. आहे तेवढा जीवाणू संपवतात, मग श्वसनासाठी नायट्रेटकडे, मँगनीजकडे आणि शेवटी लोहाकडे वळतात. फेरिक (गंजासारखं, न विरघळणारं) लोह इलेक्ट्रॉन घेऊन फेरस होतं, विरघळतं आणि वाहून जातं; मागे राखाडी माती उरते. मुळांच्या पोकळीत हवा भेटली की तेच लोह तांबूस ठिपक्यांच्या रूपात पुन्हा बसतं. हे ठिपके जिथून सुरू होतात, साधारण तिथवर हिवाळ्यात पाणी चढतं. सेंद्रिय द्रव्य कमी असेल तर जीवाणूंना खाद्य नसतं, ठिपके उमटत नाहीत. मूळची माती लाल असेल तर ते दिसत नाहीत. नवशिका नेमका इथे चुकतो.

मातीच्या घडणीचंही, म्हणजे कण ढेकळांत कसे बांधले आहेत याचंही, तसंच. तीन शयनगृहांच्या घराला दिवसाला 360 गॅलन, म्हणजे सुमारे 1,360 लिटर धरतात. चांगल्या घडणीच्या पोयट्यात चौरस फुटाला 0.6 गॅलन मुरतं असं मानलं की 600 चौरस फूट जागा पुरते. तोच पोयटा विस्कळीत घडणीचा असेल तर 0.4 धरून 900 लागते. हा फरक चिमटीत ढेकूळ फोडून कळतो, नकाशावरून नाही. आणि जागा कमी पडली तर ‘जीवाणूंची पावडर टाका, टँक कायमची चालेल’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. मैल्यात जीवाणूंचा तुटवडा कधीच नसतो.

अनुभवाची अट वर्षा-दोन वर्षांनी उतरवली तरी चालेल, पण परीक्षा खड्ड्यात उतरून घ्या: तीन वेगळ्या जमिनी, हातात मुन्सेलचं रंगपुस्तक (मातीचा रंग ताडून पाहायचे नमुने असलेलं), आणि प्रत्येक ठिकाणी पाण्याची हिवाळी पातळी कारणांसह लिहून द्यायची.